इन्सुलिन ‘ग्राहकाला चिकटते’ का?

देवगडजवळच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी विचारले आहे: ‘इन्सुलिन पेशीच्या ग्राहकाला चिकटते’ असे फळ्यावर लिहिले तर मराठी बरोबर होते का? (इथे ग्राहक म्हणजे पेशीवरचा, इन्सुलिनसारख्या संप्रेरकाचा निरोप घेणारा रेणू, इंग्रजीत ‘रिसेप्टर’.) मुलांना दुकानातले गिऱ्हाईक आठवले, म्हणून त्यांना शंका आली.

बाई, व्याकरणाने चूक नाही. ‘ग्राहक’ आणि ‘ग्राही’ दोन्ही ‘ग्रह्’ धातूतून आलेले, अर्थ ‘घेणारा’. पण गिऱ्हाईक डोळ्यांपुढे येत असेल तर ‘ग्राही’च घ्या. गुणग्राही माणूस पारखून घेतो, तसाच हा रेणूही. रक्तातून कितीतरी संप्रेरके वाहत असतात. इन्सुलिनचा ग्राही ग्लुकागॉन या दुसऱ्या संप्रेरकाला दाद देत नाही. सामान्यरूप मात्र ‘हत्तीला’सारखे ‘ग्राहीला’ ठेवा. ‘ग्राह्याला’ केले की ‘ग्राह्य’शी घोटाळा होतो.

मला जास्त खटकते ते क्रियापद. चिकटतात ती कालवं. ओहोटीच्या वेळी खडकांवर ती काढायला जाणाऱ्या बायकांना विचारा, घाव घातल्याशिवाय सुटत नाहीत. इन्सुलिनचे तसे नाही. ५१ अमिनो आम्लांचा हा रेणू ग्राहीच्या खाचेत येतो तेव्हा त्याला हलके हलके बंध धरून ठेवतात: कुठे हायड्रोजन बंध, कुठे विरुद्ध विद्युतभारांची ओढ, कुठे पाणी टाळणारे भाग एकमेकांना बिलगलेले. एकेकटा बंध दुबळा, सगळे मिळून पकड घट्ट. आणि ती सुटतेही.

म्हणून ‘बसते’ म्हणा. किल्ली बसते, निखळलेला सांधा बसतो. आकार जुळल्याची खूण त्या शब्दातच आहे. ‘लागते’चा मोह मलाही झाला होता. मालवणहून सुटलेली होडी सिंधुदुर्गाला लागते, ती पाण्यातच राहते, माणसे तेवढी किल्ल्यात जातात. निरोप पोचवायला इन्सुलिनलाही पेशीत शिरावे लागत नाही. पण होडी लागली म्हणून किल्ल्याचा तट हलत नाही, आणि इथे तर ग्राहीच हलतो! इन्सुलिन बसले की त्याचा घाट पालटतो, पेशीच्या आतली त्याची दोन टोके जवळ येतात आणि एकमेकांवर फॉस्फेट चढवतात. तिथून निरोप पुढे सरकत जातो, आणि स्नायूंच्या नि चरबीच्या पेशी रक्तातली साखर आत ओढू लागतात.

फळ्यावर एवढे लिहा: ‘इन्सुलिन ग्राहीत बसते आणि ग्राहीचा आकार बदलतो.’ जागा कमी पडली तरी ‘आणि’च्या पुढचे गाळू नका.