चेन पुलीवर २ टन लिहिलंय, पण ती म्हणे ८ टनांशिवाय तुटत नाही. मग अडीच टनांचं मशीन उचललं तर काय बिघडेल?

उचलू नका. चारपटीचा तुमचा आकडा बरोबर आहे. वायर रोपला साधारण पाचपट धरतात, बेल्ट स्लिंगला (भार बांधून उचलायचा कापडी पट्टा) सातपट. पण ही पट तुम्हाला वापरायला दिलेली नाही. झिजलेली कडी, गंज, तिरकी ओढ, झटका यांच्यासाठी ती राखून ठेवलेली असते. झटक्याचंच बघा: ताण नसलेल्या साखळीवर भार एकदम सोडला, अगदी उंचावरून न पडता नुसता सोडला, तरी क्षणभर ताण दुप्पट होतो. शिवाय ८ टनांचा तो आकडा नव्या मालाचा. आणि हूक तुटायच्या बराच आधी उघडायला लागतो. उघडलेला हूक ठोकून सरळ करून वापरणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून ते कधीही करू नका, तो भंगारातच टाका.

खरी फसगत मात्र कोनात होते. २ टनांचा भार दोन स्लिंगांनी सरळ उभा उचलला तर प्रत्येकीवर १ टन येतो. त्याच स्लिंगा पसरून आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन केला की प्रत्येकीवर सुमारे १.१५ टन, ४५ अंशांना १.४१, आणि ३० अंशांना पूर्ण २ टन! भार तोच, फक्त स्लिंग आखूड पडली म्हणून ताण दुप्पट. म्हणून मी ४५च्या खाली जातच नाही, लांब स्लिंग मागवतो. स्लिंगचा फास करून उचललं तर तिची क्षमता आणखी कमी होते. साध्या आय बोल्टला (डोक्याला गोल कडी असलेला बोल्ट) तिरकी ओढ दिली तर तो वाकतो.

आता तुमचं मशीन. अडीच टन हा आकडा नेमप्लेटवरचा आहे की अंदाज? नेमप्लेट नसेल तर मापं घेऊन हिशोब करा. लोखंडी प्लेट १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १० मिमी जाड असेल तर तिचं वजन सुमारे ७८ किलो भरतं. शॅकल (जोडणीची U आकाराची कडी) आणि स्लिंगांचं वजनही त्यात धरा.

पुली ३ टनांची किंवा त्याहून मोठी घ्या. पण त्याआधी ती ज्या बीमला टांगणार आहात त्याची क्षमता किती आहे ते सांगा. पुली, शॅकल, स्लिंग आणि बीम यांत ज्याची क्षमता सगळ्यात कमी, तेवढाच भार उचलता येतो, आणि बीमबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.