दानीएलने बाबेलची नोकरी सोडली नव्हती

प्रश्न : आम्ही श्रीरामपूर तालुक्यातले. मुलगी हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या बेकरीत तिला नोकरी मिळतेय. ट्रेनिंगच्या काळात तिचं रविवारचं चर्च सुटलं, ते मला फार लागलं. पुढे दारू, पार्ट्या, रात्रीच्या शिफ्ट हेच असणार. आमचे पाळकसाहेब म्हणतात, बायबलमधल्या दानीएलसारखं वेगळं राहिलं पाहिजे. मला वाटतं तिने हे सोडून बी.एड. करावं आणि इथल्याच शाळेत लागावं. ती म्हणते, बेकरीच. काय करावं?

उत्तर : नमस्कार. तुमची काळजी समजते, आणि ती खोटी नाही. हॉटेलमध्ये साप्ताहिक सुटी मिळते, पण ती रोस्टरप्रमाणे, म्हणजे बहुतेकदा मंगळवारी नाहीतर बुधवारी. रविवारी ब्रंच असतो, सगळा स्टाफ लागतो. ख्रिसमस आणि ईस्टर म्हणजे तर बेकरीचा हंगाम. तुमच्याकडे वॉचनाईटची उपासना चालू असेल तेव्हा, 31 डिसेंबरच्या रात्री, ती केकवर क्रीम लावत असेल. हे आधीच मान्य करून बोलू.

मात्र दानीएलचा दाखला तुम्ही घराजवळ राहण्यासाठी दिलात, तिथे मी अडखळलो. दानीएलच्या पुस्तकाचा पहिला अध्याय पुन्हा काढा. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदा राज्यातली चांगल्या घरची, हुशार पोरं उचलून बाबेलला नेली, साधारण इ. स. पू. 605 मध्ये. तीन वर्षांचा कोर्स होता, खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, भाषा आणि विद्या, आणि पुढे राजदरबारी नोकरी. नावंसुद्धा बदलली, दानीएलचा बेल्टशस्सर झाला. यातल्या कशालाही त्याने नकार दिल्याचं तिथे लिहिलेलं नाही. अभ्यासक्रम त्याने पूर्ण केला आणि राजाने परीक्षा घेतली तेव्हा चौघे मित्र इतरांपेक्षा दसपट सरस ठरले. नाही म्हटलं ते एकाच गोष्टीला, राजाच्या ताटातल्या अन्नाला आणि द्राक्षारसाला.

ते कसं म्हटलं, हे करिअरच्या दृष्टीने मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तो आधी अश्पनज या मुख्य अधिकाऱ्याकडे गेला. अश्पनजचं त्याच्याविषयी मत चांगलं होतं, पण तो घाबरला. तुमची तोंडं उतरलेली दिसली तर राजा माझं डोकं उडवेल, म्हणाला. दानीएलने तिथे वाद घातला नाही. त्यांच्यावर रोज देखरेख करणाऱ्या कारभाऱ्याला त्याने सुचवलं, दहा दिवस आम्हाला भाजीपाला आणि पाणी देऊन बघा, मग आमची तोंडं बघून तुम्हीच ठरवा. मुदत छोटी ठेवली, आणि पारखायचा अधिकार समोरच्याच्या हातात दिला.

आता हे मुंबईच्या हॉटेलात बसवून बघा. एचआरला रविवारची सुटी मागितली तर ‘पॉलिसीत बसत नाही’ हेच उत्तर येईल, कारण त्यांनी एकीला दिली की सगळ्यांना द्यावी लागते. रोस्टर लावतो तो बेकरीचा शेफ. तिने त्याच्याशी बोलावं, आणि मागणं नेमकं असावं. दर रविवारी सुटी नको. महिन्यातले दोन रविवार पहाटेची शिफ्ट द्या, म्हणजे दुपारी सुटून संध्याकाळची उपासना गाठता येईल (मुंबईत बऱ्याच चर्चमध्ये ती असते). बदल्यात दिवाळीत आणि गणपतीत, जेव्हा निम्मी बेकरी गावी जायला निघालेली असते, तेव्हा मी थांबते. आणि हे प्रोबेशनपुरतं करून बघा, काम अडलं तर बंद करा. रोस्टर जुळवून दमलेल्या शेफला दिवाळीत थांबणारं माणूस सोन्यासारखं वाटतं. ट्रेनिंगमध्ये हे जमलं नाही, कारण ट्रेनीचं कोण ऐकतं! पगारी माणसाचं थोडं ऐकतात.

दारूबद्दल. पेस्ट्रीत रम आणि वाइन येते, ती मोजून घालावी लागते, कधी चव बघावी लागते. स्टाफ पार्टीत ग्लास पुढे केला जातो. खंडेनवमीला ओव्हनला हार घातला जातो, तेव्हा सगळे हात जोडून उभे असतात. यातलं काय चालेल आणि काय नाही, हे तिने रुजू व्हायच्या आधी ठरवावं. तुम्ही नाही, मीही नाही. दानीएलने ताट समोर येण्याआधीच मनात ठरवलेलं होतं. ऐनवेळी ठरवायला गेलं की माणूस एकतर वाहून जातो नाहीतर उगाच तमाशा करतो. आणि यादी छोटी असू द्या. बायबलमधलाच यहूदी नहेम्या तर पारसाच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता, म्हणजे द्राक्षारसाचा प्याला राजाच्या हाती देणं हीच त्याची नोकरी. तीच करता करता त्याने रजा मागितली, परत कधी येईन ते सांगितलं आणि यरुशलेमचा तट बांधून घेतला. तेव्हा दारू जवळपास आहे एवढ्यावरून नोकरी वाईट ठरवू नका.

जवळचं उदाहरण हवं तर अलिबाग-पेणकडे बघा. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहूदी, पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवत. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र विसाव्याच्या दिवशी, घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. राहणी कोकणी, बोली मराठी, आडनावं गावांवरून पडलेली, आणि शनिवार मात्र राखलेला. घाणा स्वतःचा होता म्हणून हे सोपं गेलं, हेही खरं. तुमच्या मुलीला पाच-सात वर्षांनी स्वतःची बेकरी काढता आली तर रविवारी शटर लावायचं की नाही हे तीच ठरवेल. शिकवायचीच आवड निघाली तर हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्थांत शिकवता येतं, त्यासाठी एनएचटीईटी ही पात्रता परीक्षा आहे. कंपन्यांच्या कॅन्टीनचं कामही बऱ्याच ठिकाणी सोमवार ते शुक्रवार चालतं. बी.एड. मला इथे कुठेच दिसत नाही. या पदवीवर ते केलं तरी शाळेत शिकवायचा विषय कोणता?

किंमत पडणार नाही असं मी म्हणत नाही. रविवार मागणाऱ्याची बढती कधी मागे पडते. पुढे दारयावेश राजाच्या काळात दानीएल 120 प्रांताधिकाऱ्यांवरच्या तीन अध्यक्षांपैकी एक होता. त्याच्यावर जळणाऱ्यांनी त्याच्या कामात खोट शोधली. ना हयगय सापडली, ना गैरव्यवहार. मग त्यांनी त्याच्या प्रार्थनेवरच कायदा करवून घेतला, तीस दिवस राजाखेरीज कुणाकडे काही मागायचं नाही. दानीएल घरी गेला आणि यरुशलेमकडच्या उघड्या खिडकीशी पूर्वीसारखाच दिवसातून तीनदा गुडघे टेकू लागला. ‘पूर्वीसारखाच’ हे मुलीला दाखवा. सवय त्याला आधीपासून होती, हट्ट म्हणून त्या दिवशी सुरू केली नव्हती. हॉस्टेलच्या खोलीत ती आज सकाळी प्रार्थना करते का, हे तुम्हाला माहीत असेल. मुंबईत काय होईल याचा अंदाज त्यावरून बांधा, हॉटेलच्या नावावरून नको.

बाबेलमधल्या बंदिवानांना घरून, यरुशलेमहून, एक पत्र गेलं होतं. यिर्मया संदेष्ट्याने लिहिलेलं. घरं बांधा, मळे लावा, ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी झटा, त्यासाठी प्रार्थना करा. ‘परत या’ असं त्यात नाही, उलट सत्तर वर्षं लागतील असं स्वच्छ सांगितलं आहे.

तुमच्या पत्रात मुलीचं म्हणणं एका शब्दात आलंय. ऑफर लेटरला उत्तर देण्याआधी तिला मला फोन करू दे. वीकली ऑफ, शिफ्टच्या वेळा आणि प्रोबेशनचा कालावधी लेटरमध्ये काय लिहिलाय ते आम्ही मिळून वाचू. तोवर बी.एड. सीईटीचा फॉर्म परस्पर भरू नका.