उचललेलं विमान परत खाली का बसलं?

प्रश्न : सर, माझा भाचा पायलटचं ट्रेनिंग घेतोय. परवा त्याच्यासमोरच एक सेसना १७२ टेकऑफ करताना घसरलं. वारा डावीकडून तिरका, साधारण ४० अंशांवरून, १४ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किमी) आणि झोत २६ नॉटपर्यंत असं टॉवरने सांगितलं होतं म्हणे. विमान छान उचललं, दोन-तीन मीटर वर गेलं, मग धपकन खाली बसलं, एक उडी मारली आणि गर्रकन डावीकडे वळून गवतात शिरलं. उजव्या पंखाचं टोक घासलं, नाक टेकलं, प्रॉपेलर वाकला. पायलटला खरचटलंसुद्धा नाही. भाचा म्हणतो वारा लिमिटमध्ये होता. मग झालं काय नक्की? आणि वारा समोरून असेल तर टेकऑफला चांगलंच असतं ना? आणखी एक, फक्त पातं वाकलंय तर विमान इतके दिवस बंद का ठेवलंय?
— एक मावशी

उत्तर : ताई, समोरचा वारा चांगलाच, पण तो टिकणार असेल तर. झोत म्हणजे उसनवारी आहे, आणि हा सावकार न विचारता देतो आणि न सांगता परत नेतो.

विमान उडतं ते पंखावरून जाणाऱ्या हवेच्या वेगावर, खाली रनवे किती जोरात पळतोय याच्याशी पंखाला काही देणंघेणं नसतं. आता तुमचेच आकडे घेऊ. ४० अंशांवरून येणाऱ्या १४ नॉटपैकी समोरून मिळतात साधारण ११ आणि २६ च्या झोतात मिळतात २०, म्हणजे झोत आला की ९ नॉट फुकट आणि गेला की तेच ९ वजा, तेही कधीकधी एक-दोन सेकंदांत, आणि तेवढ्यात हजार-अकराशे किलोचं विमान स्वतःहून वेग थोडंच वाढवणार. या विमानाचं नाक साधारण ५५ नॉटला उचलतात. वेगाचा काटा ५५ वर गेला, पायलटने कंट्रोल ओढला, पण त्यातले ९ उसने होते, झोत सरला की उरले ४६. पूर्ण वजनाला, फ्लॅप (पंखामागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) न लावता हे विमान ४८ च्या आसपासच स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते! आणि लिफ्ट, म्हणजे हीच उचल, वेगाच्या वर्गाच्या हिशोबात बदलते, त्यामुळे ५५ चे ४६ झाले की ती जवळजवळ ३० टक्क्यांनी घटते. त्यात भर म्हणजे जमिनीलगत, पंखाच्या लांबीएवढ्या म्हणजे ११ मीटरच्या आत, विमानाला हवेचा अडथळा कमी होतो, त्यामुळे पुरेसा वेग नसतानाही ते लवकर तरंगतं आणि आपल्याला वाटतं निघालो बुवा.

मग विमान खाली बसायला लागलं की हात आपोआप आणखी मागे ओढतात, सगळ्यांचेच ओढतात, माझेही शिकताना ओढले जायचे आणि इन्स्ट्रक्टर शेजारून ओरडायचे. वेग आधीच कमी आणि त्यात नाक वर, म्हणजे स्टॉलला आमंत्रणच.

पण नुसतं खाली बसलं असतं तर एक दणका बसून भागलं असतं. खरा घोळ आडव्या वाऱ्याचा. हवेत असताना विमान उजवीकडे वाहत गेलं असणार, आणि आडवं सरकत असतानाच चाकं टेकली. टायर पुढे फिरायला बनलेत, बाजूला सरकायला नाही. शेपटीच्या उभ्या पंखावर डावीकडून वारा दाबतो त्यामुळे नाक डावीकडे वळतं, फुल पॉवरला इंजिन-प्रॉपेलरची ओढही डावीकडेच, त्यात उजवा रडर (शेपटीचं सुकाणू) वेळेवर पडला नाही की विमान गर्रकन डावीकडे फिरतं आणि अंग उजवीकडे झुकतं. तुमच्या भाच्याने उजव्या पंखाचं टोक घासलेलं पाहिलं ते असं.

सेसनाच्या पुस्तकात यावर साधा उपाय लिहिलाय: फ्लॅप लागतील तेवढेच, एलेरॉन (पंखांच्या टोकांकडच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्या) वाऱ्याच्या बाजूला, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेग होईपर्यंत विमान खालीच धरायचं आणि मग पटकन पण जपून उचलायचं, म्हणजे ते वाहत वाहत परत रनवेवर बसणार नाही. सुरुवातीला एलेरॉन वाऱ्याकडे पूर्ण, वेग वाढेल तसा हळूहळू कमी. जमलं की काय दिसतं माहितीये? वारा डावीकडून असेल तर आधी उजवं चाक सुटतं आणि विमान क्षणभर डाव्या एका चाकावर पळतं. बघणाऱ्याला वाटतं पडतंय की काय, पण ते अगदी बरोबर असतं.

आता लिमिट. भाचा म्हणतोय तो १५ नॉट आडव्या वाऱ्याचा आकडा असणार, जो या विमानाच्या पुस्तकात आहे. पण ते लिमिट नाही, एवढ्या वाऱ्यात करून दाखवलंय इतकाच त्याचा अर्थ. आणि हिशोब कशाचा केला? १४ नॉटचा आडवा भाग ९ येतो, मजेत बसतो. २६ चा जवळपास १७ येतो. मी शिकवायचो तेव्हा मोठाच आकडा धरायला लावायचो, कारण चाकं सुटतात त्या सेकंदाला वारा १४ चा असेल की २६ चा ते आपण ठरवत नाही. विंडसॉकवरही (वारा दाखवणारी कापडी नळी) फार विसंबू नका म्हणावं, तो १५ नॉटच्या आसपास पूर्ण ताठ होतो, त्यापुढे १८ काय नि २८ काय, दिसायला सारखाच. त्याच्याकडे बघायचं ते तो किती वेळा पडतो-उठतो आणि किती हलतो यासाठी.

दुपारी ऊन तापलं की झोत वाढतात, सकाळी लवकर बहुतेक शांत असतं, म्हणून नवख्यांना पहाटे उठवतात.

राहिला प्रॉपेलर. पातं बाहेर वाकलं तरी फिरत्या इंजिनला तो धक्का थेट क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यापर्यंत जातो, आतली तडे गेलेली जागा बाहेरून दिसत नाही. म्हणून इंजिन पूर्ण उघडून तपासतात, नुसतं पातं बदलून कोणी उडवत नाही. दिवस जातात ते त्यात.