'राजाची शपथ' घेतात म्हणे!

प्रश्न असा आलाय की 'ब्रिटनच्या खासदारांनी राजाची शपथ घेतली' असं छापतात ते बरोबर का, आणि मुळात लोकांनी निवडून दिलेल्या माणसाने राजाशी निष्ठेची शपथ का घ्यावी.

पहिलं चूक आहे, आणि तिथे निवडणूक झाली की तेच तेच वाचून डोकं उठतं. देवाची शपथ, आईची शपथ, गळ्याची शपथ, यात 'ची' ज्याला लागतो तो साक्षीला तरी असतो नाहीतर पणाला तरी लागलेला असतो. राजा चार्ल्स यातला कुणीच नाही, त्याच्याशी आणि त्याच्या वारसांशी कायद्यानुसार एकनिष्ठ राहीन एवढंच म्हणायचं असतं. 'मंत्रिपदाची शपथ' मधला 'ची' वेगळा, तो सगळ्यांना कळतो, सोडा.

खरी गंमत पुढेच आहे. शप् म्हणजे शाप देणे, शाप आणि शपथ एकाच धातूचे! अथर्ववेदात शपथ म्हणजे सरळ शापच, तो परतवायला एका वनस्पतीला साकडं घातलंय. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठ म्हणतो 'अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि', मी चेटक्या असेन तर आजच मरेन. झाली शपथ, अट घालून स्वतःलाच दिलेला शाप. आणि पाणिनी काय सांगतो, ज्याची खात्री पटवायची त्याला चतुर्थी विभक्ती, त्यावर नंतरच्या व्याकरणकारांचं उदाहरण 'गोपी कृष्णाय शपते', म्हणजे कृष्णाला, कृष्णाची नव्हे!! काही कोशवाले शपथ, वचन, प्रतिज्ञा एका ओळीत पर्याय म्हणून मांडून मोकळे होतात, त्यांना लहानपणी कुणी शपथ घातलीच नसावी. वचन मोडलं तर लाज जाते, शपथ मोडली तर कुणीतरी मरतं, म्हणून तर पोरं घाबरून 'सुटली म्हण, सुटली म्हण' करत मागे लागतात.

त्यामुळे 'राजा हे नुसतं प्रतीक, शब्दाला काय चिकटून बसता' म्हणणारे घटनापंडित मला अजिबात पटत नाहीत. शब्द इतके पोकळ असते तर २०२४ मध्ये ब्रिटनचे खासदार क्लाइव्ह लुईस यांनी वारसांचा उल्लेख गाळला म्हणून त्यांना परत शपथ घ्यायला लावली असती का? आयर्लंडमध्ये १९२७ साली विरोधी नेते डी व्हॅलेरांनी संसदेत बसण्यासाठी बायबल बाजूला सारून राजनिष्ठेच्या शपथेच्या वहीत सही केली आणि ही शपथच नव्हे, पोकळ उपचार आहे म्हणाले, म्हणजे शाप लागू नये याची तजवीजच की. न्यूझीलंडमध्ये २०२३ ला 'ते पाती माओरी' या माओरींच्या पक्षाच्या काही खासदारांनी चार्ल्सच्या जागी 'हारेहारे' म्हटलं, त्याचा एक अर्थ अंगावरचं पुरळ असाही होतो. शपथेत शाप परत आला बघा, फक्त उलट्या दिशेने!

हां, दुसरा प्रश्न, निवडून आलेल्याने राजाशी निष्ठा का. मतं लोकांनी दिलीत ना, मग चतुर्थी लोकांनाच लागली पाहिजे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा करून राजाशी निष्ठेची शपथ आमदारांवरून उतरवली, तिथे आता क्वेबेकच्या जनतेशी निष्ठेची शपथ पुरते. आपल्याकडे संविधानाविषयी 'खरी श्रद्धा व निष्ठा' बाळगायची असते, माणसाविषयी नाही.

छापायला 'राजनिष्ठेची शपथ' घ्या, मथळ्यातही बसतं. आणि ते हिंदीतून आलेलं 'शपथग्रहण' तेवढं बंद करा, ग्रहण सूर्यचंद्राला लागतं, आपल्याकडे शपथविधी होतो.