रॅम वाढवावी की लॅपटॉपच बदलावा?

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१८ साली घेतलेला आहे. इंटेलचा सातव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. एक्सेलमध्ये निकालपत्रक उघडे असताना क्रोममध्ये शासनाचे पोर्टल आणि आणखी चार-पाच टॅब उघडले, की माऊसचा बाणसुद्धा जागचा हलत नाही. दुकानदार रॅम वाढवायला सांगतो, भाचा म्हणतो एसएसडी बसवा, आणि सहकारी सांगतात की सरळ नवा घ्या. कोणाचे ऐकावे?
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, परंतु खर्च करण्याआधी लॅपटॉप नेमका कशापायी अडतो आहे, हे तुम्ही स्वतः पाहू शकता आणि त्यासाठी पाच मिनिटे पुरतात. एक्सेल आणि क्रोम नेहमीसारखे उघडा, काम रेंगाळू लागले की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा आणि उघडलेल्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ या भागात जा. तेथे सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क यांचे आकडे एकाखाली एक दिसतात. लॅपटॉप नुकताच सुरू केलेला असताना हे आकडे पाहू नयेत, कारण जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज १० सुरू होतानाची पहिली काही मिनिटे डिस्क तशीही शंभर टक्के गुंतलेली असते आणि त्यावरून काहीच निष्कर्ष निघत नाही.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा, की मेमरी नव्वद टक्क्यांच्या पुढे, डिस्क शंभरावर आणि सीपीयू मात्र बराचसा रिकामा, असे चित्र दिसेल. रॅम कमी पडल्याची खूण हीच. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला लागणारी माहिती रॅममध्ये असावी लागते. ती मावेनाशी झाली, की विंडोज सध्या न लागणारा भाग उचलून डिस्कवरच्या ‘पेजफाइल’ नावाच्या राखीव फाइलीत ठेवते आणि तो पुन्हा लागला, की दुसरे काहीतरी बाहेर काढून त्याला आत घेते. ही सोय उत्तम आहे, पण डिस्क रॅमच्या मानाने फार संथ असते. रॅममधली माहिती साधारण शंभर नॅनोसेकंदांत हाती येते, तर फिरत्या हार्ड डिस्कचे हेड योग्य जागी पोहोचेपर्यंत दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. हा फरक लाखभर पटीचा आहे. त्यामुळे तुम्ही एक्सेलमधून क्रोममध्ये गेलात, की क्रोमची माहिती आत आणि एक्सेलची बाहेर. परत एक्सेलवर आलात, की नेमके उलटे, आणि या ने-आणीतच संगणकाचा सगळा वेळ जातो. या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी तिची शास्त्रशुद्ध मांडणी १९६८ साली केली, म्हणजे हे दुखणे घरगुती संगणकांपेक्षाही जुने आहे.

मेमरीच्याच पानावर ‘कमिटेड’ या शब्दाखाली दोन आकडे असतात. त्यांतला पहिला आकडा, म्हणजे सर्व प्रोग्रामांनी मिळून मागितलेली जागा, बसवलेल्या रॅमपेक्षा बराच मोठा असेल आणि रोजच्या कामात तो तसाच राहत असेल, तर रॅम वाढवण्याची वेळ आली आहे असे समजावे. क्रोम पूर्ण बंद केल्यावर थोड्याच वेळात लॅपटॉप हलका झाला, तर शंकेला जागा उरत नाही. याउलट मेमरी साठ टक्क्यांवर असूनही डिस्क शंभरावर असेल, तर दोष डिस्कचा आहे आणि एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चपळ डिस्क, सुचवणारा तुमचा भाचा बरोबर आहे. सीपीयूच शंभरावर असेल, तर रॅम किंवा एसएसडी यांपैकी कशानेही फारसा फरक पडणार नाही.

दुकानात जाण्यापूर्वी त्याच पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ पाहा. ‘दोनपैकी एक’ असे असेल, तर मोकळ्या जागेत रॅमची ८ जीबीची पट्टी बसवून एकूण १२ जीबी करता येतील. मी ४ जीबीची दुसरी पट्टी सुचवणार नाही. ८ जीबीवर आजचे ब्राउझर चालतात, पण वर फारशी जागा उरत नाही. तुमच्या लॅपटॉपच्या काळात डीडीआर-४ आणि कमी व्होल्टेजची डीडीआर-३ एल अशा दोन्ही पट्ट्या वापरात होत्या. त्यांच्या खाचा वेगळ्या असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही, म्हणून जुनी पट्टी काढून सोबत न्यावी हे उत्तम. दोन पट्ट्यांचा वेग वेगळा असला, तर दोन्ही कमी वेगाने चालतील, एवढेच. नवी पट्टी बसवल्यावर लॅपटॉप सुरूच झाला नाही, तर घाबरू नये. बहुतेक वेळा ती पूर्ण आत गेलेली नसते. तिरकी सरकवून खाली दाबल्यावर दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या पकडी ‘टक्’ करून बसायला हव्यात. जुन्या पट्टीचे सोनेरी दात काळवंडले असतील, तर कारागीर ते खोडरबराने हलकेच पुसतात आणि त्याचा अनेकदा उपयोग होतो.

आता सहकाऱ्यांच्या सल्ल्याविषयी. विंडोज १०ला मिळणारा नियमित पाठिंबा (म्हणजे सुरक्षेचे अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि सातव्या पिढीचा आय-३ विंडोज ११च्या मान्य यादीत नाही. त्यातच २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भावही चढले आहेत. त्यामुळे रॅम आणि एसएसडी या दोहोंचा खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या चौथाईपर्यंत राहत असेल, तरच या यंत्रावर पैसे घालावेत, असे माझे मत आहे. दोहोंपैकी एकच परवडत असेल आणि वरच्या परीक्षेत मेमरी नव्वदीपार दिसत असेल, तर आधी रॅम घ्यावी. एसएसडीने रॅमची टंचाई कमी बोचते, पण संपत नाही; ती हार्ड डिस्कपेक्षा शंभरेक पट चपळ असली, तरी रॅमपेक्षा हजारेक पट मंदच असते.

प्रश्न : आमच्या छापखान्यातील डीटीपीच्या संगणकावर विंडोज ७ आहे. ४ जीबी रॅम होती, आणखी ४ जीबी बसवली. तरीही ‘८ जीबी, वापरण्याजोगी ३.४’ असे दिसते. पट्टी खराब आहे का?
— एक मुद्रक, कोल्हापूर

उत्तर : पट्टी चांगली आहे. तुमची विंडोज ३२ बिटांची आहे आणि मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता लागतो; ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते मांडता येतात, म्हणजे ४ जीबी. त्यांतलेही काही ग्राफिक्स व इतर उपकरणांसाठी राखून ठेवावे लागतात, म्हणून उरतात ते सव्वातीन-साडेतीन. वर बसवलेली रॅम तिथे नुसती पडून राहते.

उपाय ६४ बिटांची विंडोज हाच आहे, पण छापखान्यात तो घाईने करू नये. जुनी ३२ बिटांची सॉफ्टवेअरे ६४ बिटांवर सहसा चालतात. मात्र १६ बिटांचे प्रोग्राम अजिबात चालत नाहीत, आणि काही जुन्या सॉफ्टवेअरांचे इन्स्टॉलर नेमके १६ बिटांचे असतात. शिवाय डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्यासाठी संगणकाला जोडायची छोटी किल्ली), स्कॅनर आणि प्रिंटर यांचे ड्रायव्हर, म्हणजे ती उपकरणे विंडोजशी जोडणारे प्रोग्राम, ६४ बिटांचेच लागतात. मराठी फॉन्टचे सॉफ्टवेअर डोंगलवर चालत असेल, तर त्याचा ६४ बिटांचा ड्रायव्हर मिळतो की नाही हे विक्रेत्याकडून आधी लिहून घ्या. नाहीतर दिवाळी अंकाच्या ऐन घाईत रॅम भरपूर आणि अक्षरजुळणी बंद, असा प्रसंग यायचा. ड्रायव्हर मिळत नसेल, तर हा संगणक इंटरनेटपासून तोडून जुन्या कामांपुरता आहे तसाच ठेवावा आणि मोठ्या फाइलींसाठी दुसरा घ्यावा. विंडोज ७चा पाठिंबा जानेवारी २०२०मध्येच संपलेला असल्याने इंटरनेट तोडणे तसेही योग्यच आहे.

प्रश्न : मुलीला अभियांत्रिकीसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. ८ जीबीचा पातळ, देखणा लॅपटॉप पसंत पडला आहे. पुढे रॅम वाढवता येईल ना?
— एक पालक, मडगाव

उत्तर : बहुधा नाही. पातळ लॅपटॉपांत रॅम अनेकदा मदरबोर्डवर कायमची डाखलेली असते. दुकानात मांडलेला नमुना सुरू करून टास्क मॅनेजरमध्ये ‘फॉर्म फॅक्टर’ पाहा. ‘रो ऑफ चिप्स’ असे लिहिले असेल, तर ती डाखलेली आहे, आणि ‘एसओडिम’ असेल, तर पट्टी बदलता येते. काही लॅपटॉपांत थोडी रॅम डाखलेली आणि शेजारी एक मोकळी जागा असते, तोही पर्याय चालेल. डाखलेलीच असेल, तर १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नये, मग रंग थोडा कमी आवडला तरी चालेल. चार वर्षांत तिला व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा आभासी संगणक) किंवा अँड्रॉइडचा एम्युलेटर (संगणकावर चालणारा आभासी फोन) चालवावा लागला, तर ८ जीबीत काम होणे अवघड आहे.

प्रश्न : रॅम ‘साफ’ करणारी मोफत सॉफ्टवेअरे वापरावीत का? आणि पेजफाइल बंद केल्यास वेग वाढतो, हे खरे का?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : दोन्ही टाळावे. ही सॉफ्टवेअरे चालू प्रोग्रामांची माहिती जबरीने रॅमबाहेर ढकलतात. आकडा खाली आलेला दिसतो आणि पुढच्याच क्लिकला ती सगळी परत आत आणावी लागते. पेजफाइल बंद केली, तर रॅम भरल्यावर प्रोग्राम संथ होण्याऐवजी थेट बंद पडतील आणि न साठवलेले काम जाईल. त्यापेक्षा टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ भागात जाऊन, संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत. ४ जीबीच्या संगणकावर तेवढ्यानेही फरक जाणवतो, आणि त्याला खर्च काहीच नाही.