खान्देशात ड्रायव्हर-कामगारांची दारूची आणि नशेची टेस्ट कुठे आणि कशी करून घ्यावी?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धुळ्यात तुमच्या बावीस गाड्या आहेत, महिन्यापूर्वी एका ड्रायव्हरने लळिंगजवळ गाडी डिव्हायडरवर चढवली. आता सगळ्यांची दारूची आणि ड्रग्जची टेस्ट लावायची आहे, आणि ती धुळे-जळगावातच कुठे होईल ते हवं आहे. शेवटच्या ओळीत पुतण्याचंही विचारलंय, त्याला कळू न देता टेस्ट होईल का म्हणून. मी जळगावात सतरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुने घेतो. एमआयडीसीतल्या चटई आणि पाइपच्या कारखान्यांचे, ट्रान्सपोर्टवाल्यांचे, बोटीवर नोकरीला जाणाऱ्या पोरांचेसुद्धा. म्हणून दोन्हींचं उत्तर देतो.

टेस्ट कुठे करायची हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्या माणसाचं काय करणार, ते आधी कागदावर लिहून काढा. का, ते सांगतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वी एका मालकाने पाच ड्रायव्हर माझ्याकडे पाठवले. सकाळची वेळ, लॅबमध्ये उपाशीपोटी शुगर तपासायला आलेल्यांची गर्दी. मी लघवीसाठी कप दिले, त्यात नशा तपासायच्या स्ट्रिपा बुडवल्या. अमळनेरकडच्या एका ड्रायव्हरच्या स्ट्रिपवर अफूच्या गटाची रेघ उमटली नाही. या स्ट्रिपांचं उलटं असतं: रेघ आली तर निगेटिव्ह, नाही आली तर पॉझिटिव्ह. मी साध्या पॅडवर 'पॉझिटिव्ह' लिहून दिलं. दुपारपर्यंत त्याच्या हातातून गाडीची किल्ली गेली होती. संध्याकाळी तो एकटाच परत आला, शर्टाच्या खिशातून एक चिकट बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "भाऊ, माले खोकला व्हता, डाक्टरनीच दिधं शे." बाटलीवर कोडीन लिहिलेलं होतं. कोडीन अफूच्याच घराण्यातलं, स्ट्रिपने पकडलं ते बरोबरच पकडलं. चूक माझी होती. कुठलं औषध चालू आहे का, हे मी नमुना घेण्याआधी विचारलंच नव्हतं, आणि स्ट्रिपचा निकाल शेवटचा असल्यासारखा लिहून दिला होता. मी मालकाला फोन केला, डॉक्टरची चिठ्ठी पाठवली, पण त्या गाडीवर दुसरा माणूस बसला होता. तेव्हापासून स्ट्रिपवरून मी कुणालाही 'पॉझिटिव्ह' लिहून देत नाही. 'प्राथमिक तपासणीत संशयित, खात्रीची तपासणी आवश्यक', एवढंच लिहितो.

आता दारू. तुमचं पहिलं काम तिथेच आहे, आणि त्यासाठी लॅबची गरजच नाही. गेटवर चांगलं ब्रेथ अ‍ॅनालायझर ठेवा. भुसावळला लोको पायलट ड्युटीवर चढताना लॉबीत मशीनमध्ये फुंकर मारतात, तसंच. मशीन फ्युएल सेल सेन्सरचं घ्या, प्रिंट निघणारं घ्या. स्वस्तातली सेमीकंडक्टरवाली मशीनं इतर वाफांनाही फसतात. कॅलिब्रेशनची, म्हणजे मशीन बरोबर आकडा दाखवतं का हे तपासून घेतल्याची, तारीख मशीनवर चिकटवून ठेवा. आणि मे महिन्यात ते केबिनमध्ये ठेवू नका. जळगाव-धुळ्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको, बंद केबिनमध्ये सेन्सर टिकत नाही.

फुंकर मारण्याआधी चूळ भरायला लावा आणि पंधरा मिनिटं काहीही न खाता-पिता बसवा. तोंडात नुकतीच गेलेली दारू, माउथवॉश, स्पिरिटवालं औषध यांनी आकडा खोटाच वर जातो. दर माणसाला नवी नळी. पहिल्यांदा आकडा आला तर पंधरा मिनिटांनी दुसऱ्यांदा, आणि दोन्ही प्रिंटवर त्याची सही.

कायद्याचा आकडा लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. ड्रायव्हर लोक म्हणतात, "रात्रीची होती, झोपून उठलो, उतरली." हा हिशोब मी त्यांना कागदावर करून दाखवतो. ४२.८ टक्क्यांची एक क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. पासष्ट किलोच्या माणसाच्या १०० मिली रक्तात ते अंदाजे १३५ मिलिग्रॅमपर्यंत चढतं. शरीर तासाला पंधरा-वीस मिलिग्रॅम जाळतं, लिंबूपाणी प्या नाहीतर गार पाण्याने आंघोळ करा. रात्री अकराला क्वार्टर संपवली आणि पहाटे पाचला किल्ली घेतली, तर पंधराच्या वेगाने पंचेचाळीसच्या आसपास उरतात. माणूस ताठ चालतो, नीट बोलतो आणि तरी कायद्याने प्यालेला असतो. हे तुमच्या बावीसही ड्रायव्हरांना एकदा समोर बसवून समजावून सांगा. माझ्याकडे आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना हे खरंच माहीत नव्हतं.

अपघात झाला की प्रकरण वेगळं. तेव्हा रक्त पोलिसांच्या पत्रावर सरकारी दवाखान्यातला डॉक्टर घेतो, आणि ते सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातं, आपल्या विभागाची नाशिकला आहे. मालक म्हणून तुम्ही सिव्हिलमध्ये जाऊन 'याचं रक्त काढा' म्हणू शकत नाही. खासगी लॅबमध्ये अल्कोहोलसाठी रक्त द्यायची वेळ आलीच, तर दोन गोष्टी डोळ्यांनी बघा: सुई टोचण्याआधी स्पिरिटचा बोळा फिरवू देऊ नका, आणि रक्त राखाडी झाकणाच्या फ्लोराइडच्या नळीतच जायला हवं.

नुसता वास आला म्हणून कारवाई टिकत नाही, हेही सांगून ठेवतो. १९७१ मध्ये बच्चूभाई कारयाणी खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की तोंडाला वास, चालीत डगमग, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस दारू प्यालेलाच होता असं सिद्ध होत नाही, रक्त किंवा लघवी तपासायला हवी होती. म्हणून प्रिंटचा आग्रह धरतो.

ड्रग्जच्या टेस्टला लघवी लागते. इथे सगळे एक चूक करतात. दुकानदार 'फाइव्ह पॅनल' किट देतो आणि लोक घेतात. ते पॅनल अमेरिकेच्या हिशोबाने बनलेलं आहे: गांजा, कोकेन, अफूचा गट, अँफेटामाइन आणि पीसीपी नावाचा तिकडचा एक नशेचा पदार्थ. आपल्या हायवेवर पीसीपी कोण घेतो? धुळे-मालेगावकडे 'कुत्ता गोळी' म्हणतात ती अल्प्राझोलाम, म्हणजे बेंझोडायझेपिन, झोपेच्या-गुंगीच्या गोळ्यांचा गट. ती या पाचात नाहीच. ट्रॅमाडॉलच्या गोळ्या दुखण्यावर म्हणून मिळतात आणि नशेलाही घेतल्या जातात, त्या अफूच्या साध्या स्ट्रिपवर दिसत नाहीत. तेव्हा मागताना स्पष्ट सांगा: गांजा, अफूचा गट, बेंझोडायझेपिन, अँफेटामाइन आणि ट्रॅमाडॉल. सोल्युशन किंवा व्हाइटनर हुंगणाऱ्याला मात्र यातली कुठलीच स्ट्रिप पकडत नाही.

गांजाबद्दल न्यायाने वागा. एकदा ओढला तर लघवीत तीन-चार दिवस दिसतो, रोजच्याला महिनाभरही. म्हणजे टेस्ट आज पॉझिटिव्ह आली तर तो आज नशेत गाडी चालवत होता असं ठरत नाही, मधे कधीतरी घेतला एवढंच ठरतं. महाशिवरात्रीची भांगसुद्धा त्याच रेघेवर दिसते. आणि खसखस! आपल्याकडे मटणाच्या वाटणात, शेवभाजीच्या मसाल्यात खसखस पडतेच. तिने अफूची स्ट्रिप बदलू शकते. अमेरिकेने याच कारणाने १९९८ मध्ये तिथल्या तपासणीची मर्यादा ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. आपल्याकडे ३०० वाली स्ट्रिपही विकली जाते, पाकिटावर आकडा बघून घ्या. पाकिटावर आणखी एक ओळ असते, २ ते ३० अंशांत साठवा. पत्र्याच्या ऑफिसात मार्च ते जून ठेवलेलं किट वापरूच नका.

कुठे करायची? प्राथमिक स्ट्रिप धुळे, जळगाव, भुसावळ, शिरपूर, नंदुरबार, कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होईल. खात्रीची तपासणी, म्हणजे नेमकं कुठलं रसायन आहे ते ओळखणाऱ्या जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस मशीनवरची, बहुतेक वेळा मुंबई-पुण्याकडच्या मोठ्या लॅबमध्ये होते. आपल्या गावात त्यांचं कलेक्शन सेंटर असतं. तिथे जाऊन तीन प्रश्न विचारा. ही तपासणी तुमच्या एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) यादीत आहे का? नुसतं प्रमाणपत्र भिंतीवर असून चालत नाही, त्या यादीत ही टेस्ट असायला हवी. नमुना सीलबंद, सह्यांसकट पाठवता का? आणि रिपोर्टवर एमडी पॅथॉलॉजिस्टची सही असते का? तिन्हींना 'हो' मिळालं तरच बावीस माणसं पाठवा. एकदम पाठवू नका, रोज तीन-चार पाठवा म्हणजे नमुना घेणाऱ्यालाही घाई होत नाही. माझी चूक घाईतच झाली होती.

नमुना घेताना मी काय करतो ते सांगतो, तुम्ही लॅबमध्ये तेच मागा. बाथरूमचा नळ बंद, फ्लशच्या टाकीत निळा रंग, जाड जाकीट-पिशवी बाहेर. कपवर तापमानाची पट्टी असते, चार मिनिटांच्या आत ३२ ते ३८ अंश दिसायला हवेत. पण आपल्याकडे उन्हाळ्यात टाकीचं पाणीच पस्तीस अंशांचं असतं, त्यामुळे कुणी पाणी मिसळलं तर पट्टी शांत बसते. म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे लघवीत नेहमी असणारा एक घटक, तपासायला सांगा, २० मिलिग्रॅमच्या खाली गेलं तर नमुना पातळ आहे. मग त्या माणसासमोरच लघवी दोन बाटल्यांत ओतायची, दोन्हींवर सील, सीलवर त्याची सही किंवा अंगठा, वेळ आणि तारीख. एक बाटली तपासायला, दुसरी राखून. त्याने निकाल मान्य केला नाही तर ती दुसरी उघडायची. एकदा एका म्हाताऱ्या क्लीनरचा अंगठा सीलवर घेताना थरथरत होता. मी विचारलं तर म्हणाला, "नोकरी जाई का?" त्याला मी दुसरी बाटली दाखवून समजावलं, की ही त्याच्याच बाजूची आहे.

संमतीपत्र मराठीत घ्या, कामावर ठेवतानाच. कुठली टेस्ट, कधी, रिपोर्ट कोण बघणार, नाही म्हटलं तर काय, पॉझिटिव्ह आलं तर काय. रिपोर्ट फक्त तुम्ही आणि एक ठरवलेला माणूस बघणार, ड्रायव्हरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणार नाही, हेही त्यातच. सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला आहे, तो ट्रक ड्रायव्हरचाही आहे. कारखान्यांच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या नियमांत, कामाच्या जागी नशेत असणं गैरवर्तन धरतात, पण तरीही आरोपपत्र आणि चौकशी लागतेच, रिपोर्ट फडकवून हाकलता येत नाही. टेस्ट सगळ्यांची करा, चिठ्ठ्या टाकून करा, गॅरेजच्या मुकादमाचीही करा. फक्त नको असलेल्या दोघांची केली तर बाकीच्यांना लगेच कळतं.

नुकसानभरपाईबद्दल एक गैरसमज फार आहे. कामगार नशेत असताना जखमी झाला तर मालक सुटतो, असं लोक म्हणतात. ती सूट मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मिळत नाही. म्हणजे ज्या अपघाताची भीती आहे, नेमका त्यालाच ती लागू नाही. गेटवरची फुंकर स्वस्त पडते.

आता पुतण्या. त्याचं वय तुम्ही लिहिलं नाही. अठराच्या वर असेल तर त्याच्या संमतीशिवाय मी नमुना घेणार नाही आणि कुठल्याच लॅबने घेऊ नये. अठराच्या आतला असेल तर आई-वडिलांची सही लागते, काकांची चालत नाही. पण खरं सांगू का, सहीपेक्षा दुसरीच अडचण मोठी आहे. 'ब्लडग्रुप तपासायचाय' असं खोटं सांगून पोरांना घेऊन आलेले काका-मामा मी पाहिलेत. रिपोर्ट हातात पडतो, घरात रडारड होते, आणि पोरगं त्या दिवसापासून कुणाशी खरं बोलत नाही. ज्या घरांनी आधी विचारलं, त्यांची पोरं टेस्टलाही आली आणि उपचारालाही. आधी १४४४६ वर फोन करा, नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फुकट आहे. धुळ्याच्या, जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथे त्याच्यासोबत तुम्ही स्वतः जा. पोलिसांची भीती असेल तर, एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून संरक्षण आहे. उपचार सुरू झाल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा टेस्ट करूच, आणि तेव्हा ती त्याच्या बाजूची असेल.

आणि तो बोटीवर किंवा आखातात नोकरीला निघाला असेल म्हणून विचारत असाल, तर माझ्यासारख्या लॅबचा रिपोर्ट चालत नाही. बोटीसाठी डीजी शिपिंगने, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याने, मान्यता दिलेला डॉक्टरच लागतो, आखातासाठी त्यांच्या यादीतलं सेंटर. आधी एजंटकडून ते नाव लेखी घ्या.

शेवटचं, खात्रीच्या तपासणीचा नमुना सोमवार ते गुरुवार द्या. शनिवारी दिला की रविवारी कुरिअर निघत नाही आणि सीलबंद बाटली आपल्या उन्हात काउंटरवर पडून राहते. तसंच पडू द्यायचं असेल तर फ्रिजमध्ये ठेवतात का, ते विचारूनच हातात द्या.