ट्रम्पेटवाल्याच्या अल्बमवर चार बायका गातात, मग तो अल्बम त्याचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्राने टेरेन्स ब्लँचर्डचा 'लेट्स गेट लॉस्ट' ऐकायला दिला. मुखपृष्ठावर नाव ट्रम्पेटवाल्याचं, आत मात्र चार वेगवेगळ्या गायिका. जुनी गाणी, तीही दुसऱ्याची. मग यात ब्लँचर्डचं काय? आणि जॅझ अजिबात कळत नसेल तर ऐकायचं काय?

मी जॅझचा जाणकार नाही. मी पेटी वाजवतो, आणि ट्रम्पेट मला पेटीच्या वाटेने कळला. त्यामुळे उत्तरही त्याच वाटेने येणार, चालवून घ्या.

एकोणीस वर्षांचा असताना चिपळूणला गणपतीत नाट्यगीतांचा कार्यक्रम होता. नेहमीचे पेटीवाले तापाने झोपले म्हणून मला बसवलं. गाणाऱ्या बाई पन्नाशीच्या, गळा तयार. पहिल्याच पदात त्या तान संपवून समेच्या आधी दोन मात्रा थांबल्या. मला ती फट दिसली आणि मी ती भरून टाकली, बोटं मोकळी सोडून, चांगली दोन सप्तकांतून. टाळ्यासुद्धा पडल्या. मध्यंतरात चहाचा कप हातात घेऊन बाई म्हणाल्या, "बाळा, ती जागा मी रिकामी ठेवली होती. रिकामी राहिली नव्हती." पुढचा सगळा कार्यक्रम मी भाता मारत नुसता सूर धरून बसलो.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या कपाशी आहे. उरलेलं निम्मं १४ जानेवारी १९२५ रोजी न्यूयॉर्कला मुद्रित झालेल्या एका रेकॉर्डवर आहे. बेसी स्मिथ ही ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं सुखदुःखाचं गाणं) गाणारी बाई 'सेंट लुई ब्लूज' गातेय. साथीला दोनच माणसं. एक तेवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग, हातात कॉर्नेट (ट्रम्पेटचाच आखूड बांध्याचा, गोल सुराचा भाऊ). दुसरा फ्रेड लाँगशॉ, आणि तो चक्क हार्मोनियम वाजवतोय! आपल्या संगीत नाटकात ऑर्गन असायचा त्या घराण्यातली, पण पेटीच. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून बसलो होतो. जॅझच्या सगळ्यात गाजलेल्या रेकॉर्डांपैकी एक, आणि त्यात आपली पेटी.

ती नीट ऐका. ब्लूजचं कडवं बारा बारचं (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा छोटा विभाग, इथे चार मात्रांचा), त्यात तीन ओळी, म्हणजे ओळीला चार बार. बेसी साधारण अर्ध्या वाटेपर्यंत गाते आणि ओळ सोडून देते. उरलेल्या जागेत आर्मस्ट्राँग. बाईने सूर जिथे टेकवला तिथून तो उचलतो आणि पुढच्या ओळीच्या दारात आणून ठेवतो. पेटी मागे नुसती धरून आहे. तेव्हा मायक्रोफोनसुद्धा नव्हता, सगळे एका भोंग्यासमोर उभे राहून गात-वाजवत. कोण किती पुढे, कोण किती मागे, हे प्रत्येकाने आपलं आपण सांभाळायचं. आणि गंमत म्हणजे बेसीला साथीला आर्मस्ट्राँगपेक्षा जो स्मिथ नावाचा कॉर्नेटवाला जास्त पसंत होता असं सांगतात. मला तिचं म्हणणं कळतं. आर्मस्ट्राँग इतका सुंदर वाजवतो की कान त्याच्याकडे जातो. साथीदाराने इतकंही सुंदर वाजवू नये.

आता तुमच्या अल्बमकडे. ट्रम्पेटवाल्यांत दोन जाती. आर्मस्ट्राँग स्वतः गायचा, चेट बेकर स्वतः गायचा. त्यांना पाहुणे बोलवायची गरज नव्हती, एक ओळ गायची आणि तीच पुढे ट्रम्पेटवर न्यायची. 'लेट्स गेट लॉस्ट' हे शीर्षकगीत बेकरने १९५५ मध्ये स्वतः गाऊन वाजवलेलं आहे आणि ते त्याला इतकं चिकटलं की १९८८ मध्ये त्याच्यावरच्या माहितीपटालाही तेच नाव दिलं गेलं. ब्लँचर्ड दुसऱ्या जातीचा. २००१ च्या या अल्बममध्ये त्याने तेच गाणं घेतलं आणि गायला डायना क्रॉलला दिलं. शिवाय कसँड्रा विल्सन, डायॅन रीव्ह्ज आणि जेन मॉनहाइट. यांतली कुठलीही एकजण एकटीच्या नावावर सभागृह भरवणारी.

यात धंदा नाही असं म्हणणार नाही. गाण्याचे शब्द असलेला अल्बम नुसत्या वाद्याच्या अल्बमपेक्षा जास्त लोकांपर्यंत जातो, हे कुठल्याही कंपनीला कळतं. पण चार जणींची निवड बघा. विल्सनचा आवाज खर्जातला, धुरकट. क्रॉल बोलल्यासारखी गाते, तालाच्या किंचित मागे रेलून. रीव्ह्जचा गळा मोठा, फिरता. शाळेत असताना तिला हेरलं ते क्लार्क टेरीने, तोही ट्रम्पेटवालाच. मॉनहाइट तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांची, आवाज स्वच्छ, अजून कुठे खरवडलेला नाही. चार प्रकारचे गळे म्हणजे चार प्रकारची साथ. एकाच पेटीवाल्याने आज ठुमरीला, उद्या अभंगाला, परवा नाट्यपदाला बसावं तसं आहे हे.

गाणी दुसऱ्याची, हे खरं. सगळी एकाच माणसाची: जिमी मॅकह्यू, बॉस्टनचा, जन्म १८९४. त्याने १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कॉटन क्लबसाठी गाणी केली. तिथे रंगमंचावर काळे कलावंत आणि टेबलांवर गोरे प्रेक्षक, असा कारभार होता. डोरोथी फील्ड्स त्याची गीतकार. 'आय कान्ट गिव्ह यू एनिथिंग बट लव्ह' १९२८ चं, 'ऑन द सनी साइड ऑफ द स्ट्रीट' १९३० चं. शीर्षकगीत त्या मानाने उशिराचं, १९४३ च्या एका चित्रपटातलं, आणि त्याचे शब्द फ्रँक लेसरचे. ज्या तमाशांसाठी नि चित्रपटांसाठी ही गाणी झाली ते आज कोणी बघत नाही. गाणी उरली. जॅझवाले त्यांनाच स्टँडर्ड म्हणतात. आपल्याकडे 'मानापमान' १९११ चं; नाटक किती जणांनी बघितलंय? पण पदं अजून गातात. (त्यांच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, म्हणजे एका पेटीवाल्याच्या, हे जाताजाता.)

म्हणून "गाणी दुसऱ्याची" ही तक्रार जॅझमध्ये चालत नाही. कोणी यमनातली जुनी चीज गायला बसलं तर चीज तुमची नाही म्हणून आपण उठून जातो का?

यातली बरीच गाणी बत्तीस बारची. आठ बारची एक चाल, तीच पुन्हा, मग आठ बार वेगळी, अंतऱ्यासारखी, आणि शेवटी परत पहिली. 'सनी साइड' अशा बांधणीचं आहे. हे बत्तीस बार म्हणजे एक आवर्तन समजा. गायिका एक आवर्तन गाते, मग कोणीतरी त्याच आवर्तनावर मनाने वाजवतो, खाली स्वरांची चौकट तीच फिरत असते. पहिल्या ऐकण्यात तुम्ही फक्त हे करा: ओळखीच्या गाण्यावर, वाद्य एकटं वाजत असताना, मनात मूळ चाल म्हणत राहा. ज्या क्षणी तुमची चाल आणि बँड एकत्र समेवर येतील, त्या क्षणी निम्मं जॅझ कळलं. मला हे जमायला दोन आठवडे गेले, बसमध्ये, हेडफोन लावून, ओठ हलवत. शेजारचे लोक बघायचे.

दुसऱ्या ऐकण्यात शब्द सोडून द्या. गायिका श्वास घेते तिथे ट्रम्पेट काय करतो तेवढंच बघा. कुठे उत्तर देतो, कुठे नुसता एक लांब सूर ठेवतो, कुठे गप्प बसतो. ब्लँचर्डच्या सुराला आपल्या कानाला ओळखीची एक खोड आहे, तो सरकतो. ट्रम्पेटला तीनच व्हॉल्व्ह, पण व्हॉल्व्ह अर्धवट दाबून आणि ओठांनी सूर वाकवून मींडेसारखं काढता येतं. पेटीवाल्याला ही असूया कायमची. आमच्याकडे दोन पट्ट्यांच्या मध्ये लाकूड असतं.

आता बाहेरून न दिसणारी अडचण. ट्रम्पेटवर एकही व्हॉल्व्ह न दाबता जो सा सहज लागतो तो काळी पाच. त्याच्या आसपासच्या पट्ट्या हाताखालच्या. पण गाणारी तिच्या पट्टीत गाणार, आणि बायकांच्या पट्ट्या मूळ छापील पट्टीपेक्षा बऱ्याचदा वेगळ्या पडतात. चार गायिका म्हणजे चार गळ्यांचा हिशोब, आणि प्रत्येक वेळी बोटं नव्याने बसवायची. आम्ही पेटीवाले यावरून कुरकुरतो, आणि तरी आमच्याकडे पट्टी बदलणारी स्केलचेंजर असते. ट्रम्पेटवाल्याने ती सोय डोक्यात बाळगायची.

शिवाय आवाजाचा प्रश्न. ट्रम्पेट हे ओरडणारं वाद्य. मिरवणुकीचं, लष्कराचं. तो कुजबुजणाऱ्या गळ्याच्या मागे ठेवायचा म्हणजे सनई स्वयंपाकघरात वाजवण्यासारखं. म्हणून ट्रम्पेटच्या भोंग्याच्या तोंडाशी बूच लावतात, त्याला म्यूट म्हणतात. धातूच्या हार्मन म्यूटने सूर पातळ आणि लांबून आल्यासारखा होतो. माइल्स डेव्हिसच्या म्यूटमुळे तो लोकांना पाठ झाला. पण म्यूट लावला की साथ झाली असं नाही. मोकळा ट्रम्पेट हळू वाजवणं जास्त कठीण, कारण फुंकर कमी केली की सूर कापतो.

माणूस तयारीचा आहे म्हणून हे जमतं. ब्लँचर्ड न्यू ऑर्लिन्सचा, १९६२ चा. विशीत, १९८२ मध्ये, विंटन मार्सालिस या ट्रम्पेटवाल्याच्या जागी ड्रमवाल्या आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्स या बँडमध्ये गेला. मग दिग्दर्शक स्पाइक लीच्या चित्रपटांना वर्षानुवर्षं पार्श्वसंगीत दिलं. माझ्या मते या अल्बमची किल्ली तीच. चित्रपटात पात्र बोलत असताना संगीताने कुठे सरकून बसायचं, हा त्याचा रोजचा धंदा होता. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा हंगाम त्याच्या ऑपेराने उघडला. त्या संस्थेत काळ्या संगीतकाराचा ऑपेरा झाला तो पहिलाच. पुन्हा गळ्यांसाठीच लिहिलेलं काम.

तुलनेला ख्रिस बॉटीचा 'टू लव्ह अगेन' ऐका, २००५ चा. तोही ट्रम्पेटवाला, तशीच जुनी गाणी, पाहुणे आणखी मोठे: स्टिंग, ग्लॅडिस नाइट, मायकेल बुब्ले, अगदी रॉकवाला स्टीव्हन टायलरसुद्धा. वाजवतो गोड, मागे तंतुवाद्यांचा ताफा. मला तो श्रीखंडासारखा वाटतो. पहिली वाटी अप्रतिम, तिसऱ्या वाटीला पाणी मागावंसं वाटतं. तिथे जागाच रिकामी नाही, सगळं आधीच भरलेलं. तुम्हाला आवडला तर भांडणार नाही, घरात पाहुणे असताना मीही तोच लावतो.

उलट बाजूने बघायचं तर डिसेंबर १९५४. क्लिफर्ड ब्राउन, वय चोवीस, एकाच महिन्यात दोन गायिकांच्या रेकॉर्डवर वाजवून गेला: सारा व्हॉन आणि हेलन मेरिल. मेरिलच्या रेकॉर्डची संगीतरचना एकवीस वर्षांच्या क्विन्सी जोन्सची. तिथे नाव गायिकेचं आणि पाहुणा ट्रम्पेटवाला. दीड वर्षात ब्राउन मोटार अपघातात गेला. दोन्ही रेकॉर्डी ब्लँचर्डच्या शेजारी ठेवून ऐकल्या तर मुखपृष्ठावर कोणाचं नाव आहे याने आतल्या साथीत फारसा फरक पडत नाही, हे तुमचं तुम्हालाच ऐकू येईल.

आणि हे सगळं फार परकं वाटत असेल तर चिक चॉकलेट या ट्रम्पेटवाल्याचं नाव शोधा. मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा, मुंबईत त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. सी. रामचंद्रांसोबत, म्हणजे पुणतांब्याच्या चितळकर अण्णांसोबत, त्याने काम केलं, आणि १९५१ च्या 'अलबेला'त त्याचा बँड आहे. लताबाईंचा आणि अण्णांचा आवाज चालू असताना मागे ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) काय करतो, तेवढंच लक्ष देऊन ऐका. आयुष्यभर ऐकलेल्या गाण्यांत तुम्ही हे आधीच ऐकलेलं आहे, फक्त तिकडे कान दिला नव्हता.

ऐकण्याचा क्रम विचारलात तर आधी बेसी स्मिथ. तीन मिनिटांच्या आसपास आहे, चहा उकळेपर्यंत होते. मग ब्लँचर्डचं शीर्षकगीत, त्यानंतर बेकरचं तेच गाणं. ब्लँचर्डच्या अल्बमवर गायिका नसलेलेही काही ट्रॅक आहेत, ते शेवटी ठेवा. तिथे त्याला कोणासाठी थांबायचं नसतं. तरी तो कुठे कुठे थांबतो ते मोजा.